अजून पॅलिओच का? तुम्ही विचारलंत म्हणून

पेट्रोल पंपावर विचारतात, लग्नात विचारतात, परवा तर एका तेराव्याच्या जेवणाला पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी वरणभात कालवता कालवता विचारलं, की अजून ती जुनी फियाटच का हो, एवढ्या भारी भारी गाड्या आल्यात बाजारात, त्या डबड्यात मजा काय येते ते तरी सांगा. आणि सांगायला घेतलं की दोन मिनिटांत माणूस मोबाइल काढतो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवणार, तोंडाची वाफ दवडणार नाही.

आधी दोन गैरसमज. पैसे वाचवायला ठेवलीय म्हणावं तर फियाटची ही पॅलिओ, 1.6 लिटर एंजिनवाली, ज्याने पाळलीय त्याला विचारा, घाटात पेट्रोल कसं पिते ते. आणि आठवणीबिठवणी पण नाहीत. वडिलांची गाडी नाही, लग्नातली नाही, एका बँकवाल्याकडून सेकंडहँड घेतली. मला जुन्याचं कौतुक अजिबात नाही, घरात मिक्सर नवा, पंप नवा, टीव्ही नवा. जुनं ते सोनं म्हणणाऱ्याला मी आमच्या गाडीच्या दाराचं हँडल उघडायला लावतो.

कारण सोपं आहे, पण ते समजायला आमच्या रत्नागिरीकडच्या रस्त्यांवर यायला लागतं. नेवऱ्याच्या पुढे मालगुंडकडे जाताना किंवा कुठल्याही वाडीत शिरताना बघा, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मधे जेमतेम डांबर, वळण संपायच्या आत दुसरं वळण, त्यात समोरून एसटी. या रस्त्यावर माणसाने जास्तीत जास्त पन्नास-साठने जावं. तर माझं एवढंच म्हणणं आहे की जी गाडी पन्नास-साठला जिवंत होते ती इथे मजेची, आणि जी दीडशेला जिवंत होते ती इथे नुसती महाग.

छोट्या, हलक्या पण दमदार गाड्यांना हॉट हॅच म्हणतात. फोक्सवॅगनने त्यातली गोल्फ जीटीआय 1976 ला आणली ती 110 हॉर्सपॉवरची, वजन साधारण 810 किलो, रुंदी 1.6 मीटरच्या आसपास. त्यांनाच भरवसा नव्हता, 5000 गाड्या खपवायच्या असा बेत होता, पहिल्या मॉडेलच्याच साडेचार लाखांच्या वर गेल्या. 1984 ची प्यूजो 205 जीटीआय 105 हॉर्सपॉवरची आणि आणखी अरुंद. आजची गोल्फ जीटीआय 265 ची, वजन साडेचौदाशे किलोच्या आसपास, रुंदी 1.8 मीटर. म्हणजे ताकद दुपटीच्या वर गेली हे सगळे सांगतात, पण गाडी वीतभर रुंद झाली हे कोण सांगत नाही, आणि गडग्यांच्या मधून जाताना वीतभर म्हणजे काय ते आम्हाला विचारा. वळणाला आत-बाहेर करायला, आपली अशी एक लाइन पकडायला जागाच उरत नाही. रुंद गाडी आमच्याकडे रस्त्यावर चालवत नाहीत, रस्त्यात बसवतात.

आता खरं ते सांगतो, जुनी गोल्फ आणि 205 मी चालवलेली नाही, त्यांचं वाचलंय आणि व्हिडिओ बघितलेत. आपल्याकडे त्या आल्याच नाहीत. आपल्याकडे त्या जातकुळीतलं जे काय आलं ते म्हणजे 2001 ची ही पॅलिओ 1.6, 100 हॉर्सपॉवर, कुर्ल्याच्या कारखान्यातली, जिची एक एस-टेन नावाची आवृत्ती सचिनच्या नावाने निघाली होती. लोकांनी मायलेज बघितलं आणि मारुतीची झेन घेतली. झेन पण मजेची होती, वाद नाही.

नवी गोल्फ मात्र चालवलीय. 2025 च्या गणपतीत आमचा आतेभाऊ मुंबईहून ती घेऊन आला. त्रेपन्न लाख एक्स-शोरूम, आणि तीही 2011 पासून चौपदरी होत असलेल्या मुंबई-गोवा हायवेवरून, त्याच्या धाडसाला नमस्कार. आरती झाल्यावर म्हणाला, "दादा, तू चालव, मग तुझ्या त्या फियाटचं बोल." आम्ही पाली, साखरपा करत आंबा घाटाकडे निघालो, मिऱ्या-नागपूर रस्त्याचं काम चालूच होतं, ती खोदकामं संपली आणि चढ लागल्यावर मी पाय दाबला.

गाडी भयानक चांगली आहे. हे मी लपवणार नाही. 370 न्यूटनमीटर टॉर्क म्हणजे चढ आहे हे कळतच नाही, गिअर स्वतःच टाकते (मॅन्युअल आता त्यांनी जगभर बंदच केलंय), ओल्या वळणात जरा जास्त गेलं की आतलं चाक, बाहेरचं चाक, कोणाला किती द्यायचं ते सगळं तीच बघते. मी तीन-चार वळणं घेतली, चौथ्या का पाचव्या वळणाला लक्षात आलं की मी काहीच करत नाहीये, मी फक्त इच्छा व्यक्त करतोय. स्टिअरिंग हलकं, अचूक, आणि गप्प. स्पोर्ट मोडमध्ये एंजिनाचा आवाज वाढतो त्यात काही भाग स्पीकरमधून येतो हे मला आधीच माहीत होतं, माहीत नसतं तर बरं झालं असतं. वर पोचल्यावर आतेभाऊ म्हणाला, "कशी वाटली?" मी म्हटलं एक नंबर. तो म्हणाला, "मग तोंड असं का?"

पॅलिओत त्याच घाटात दुसऱ्या गिअरला एंजिन चांगलं ओरडवावं लागतं तेव्हा कुठे ती जोर लावते, आणि तेव्हासुद्धा काटा सत्तरच्या आत असतो. एंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो नाही, त्यामुळे आधीच ठरवायला लागतं, वळणाच्या अलीकडे गिअर पाडला नाहीत तर पुढे ट्रकच्या धुरात बसा. आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. खाडीत गरवायला बसल्यावर दोरी बोटावर घेतली की खाली मासा नुसता चाचपतोय का गिळतोय ते बोटाला कळतं ना, तसं पुढच्या टायरांचं हाताला कळतं. खडी लागली, शेवाळ लागलं, डांबर बदललं, सगळं हातात येतं. इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये हे इंजिनिअरांनी गाळून टाकलेलं असतं, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना ते नकोच असतं, आणि मोटर वापरल्याने इंधनही वाचतं. सध्या माझा स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा भाग, गळतोय, ऑइल टाकून टाकून चालवतोय, ते वेगळं दुखणं. सस्पेन्शनचे बुश कोल्हापूरला उद्यमनगरातून टर्न करून आणले, दाराचे पार्ट कुर्ल्याच्या भंगारातून, आणि खालून पत्रा खाऱ्या हवेने खाल्ला तो दर पावसाळ्यानंतर मारून घ्यायला लागतो. एवढं करून ठेवायची का, तर हो.

इथपर्यंत सगळ्यांना सांगतो. पुढचं सांगत नाही, कारण पुढचं ऐकल्यावर समोरचा एकच प्रश्न विचारतो. पण लिहायलाच बसलोय तर तेही लिहितो.

2018 चा जून. पहिला पाऊस सकाळी पडून गेलेला. मालगुंडला हिच्या मावशीकडे गेलो होतो, परत रत्नागिरीला येताना नेवऱ्याच्या आसपास उतार आणि डावीकडे वळण. पहिल्या पावसाचा रस्ता कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, चार महिन्यांची धूळ, तेल, वरून वाहून आलेली लाल माती, सगळ्याचा मिळून एक चिकट थर. मला माहीत होतं, म्हणून मी पंचेचाळीसच्या वर नव्हतो. हे मी शपथेवर सांगतो आणि ही पण सांगते. उजवीकडच्या वाडीच्या रस्त्याने एक स्कूटी आली, दोन पोरं, थेट रस्त्याच्या मधे, आणि आम्हाला बघून तिथेच थांबली.

मी ब्रेक दाबला. जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही, एअरबॅग नाहीत. आणि मला कळलं. हे कसं समजावू, चाकं लॉक व्हायच्या आधी, अर्धा सेकंद असेल किंवा त्याहून कमी, स्टिअरिंग हातात पोकळ झालं, टायरनी डांबर सोडलं हे मला स्पष्ट कळलं. वर्षानुवर्षं मी ज्याची तारीफ करत आलो ते नेमकं तेव्हा झालं. मी ब्रेक सोडला, स्टिअरिंग परत आलं, गाडी डावीकडे घेतली, पोरं वाचली, त्यांच्या हँडलला माझा आरसासुद्धा लागला नाही. पण ब्रेकने मागची बाजू हलकी झालेली होती, तशात वळवल्यावर ती सुटली. जुन्या हॉट हॅचच्या लेखांमधून ज्याचं कौतुक असतं, अॅक्सलरेटर सोडला की शेपूट बाहेर येते, 205 त्याच्यासाठीच गाजलेली, तसलंच. मी उलटं स्टिअरिंग मारलं, शेपूट आली पण जागेवर, फक्त तेवढ्यात रस्ता संपला होता. डावा कोपरा गडग्यावर. आवाज फार मोठा नाही झाला. चिरा एक निखळून बॉनेटवर आला.

मला काही झालं नाही. हिचा पट्टा लावलेला होता, त्या पट्ट्यानेच डावी कॉलरबोन मोडली. ती ओरडली नाही, ती म्हणाली, "पोरं ठीक आहेत का बघा आधी." पोरं ठीक होती, स्कूटी टाकून आमच्याकडेच पळत येत होती, त्यातला एक रडत होता. वाडीतली माणसं जमली, कोणीतरी रिक्षा आणली, एका बाईने हिच्या हाताला स्वतःच्या ओढणीची झोळी बांधली, ती ओढणी अजून आमच्याकडे आहे, परत द्यायला दोनदा गेलो तर बाई घेईना.

रत्नागिरीत हॉस्पिटलात एक्स-रे होऊन खांद्याला पट्टा बांधल्यावर रात्री मी तिच्याजवळ बसून तेच सांगत होतो, की मला आधी कळलं होतं गं, टायर सुटतायत हे कळलं होतं, म्हणून तर पोरं वाचली. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्हाला आधी कळलं, मला काहीच कळलं नाही, आणि आपटलो दोघं एकाच गडग्यावर."

याला माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा नव्हतं, आता पण नाही. पोरं वाचली ते माझ्या हातामुळे असं मी अजून म्हणतो. एबीएस असतं तर पोरंही वाचली असती आणि कॉलरबोनही, असं ती म्हणते, आणि तिचंच बरोबर असावं, कारण मी ते करून बघितलं. नंतर घरात दुसरी गाडी घेतली, साधी, एबीएस आणि घसरायला लागली की आपणच सावरणारं ईएसपी असलेली. असाच एकदा पहिला पाऊस पडला तेव्हा मुद्दाम एकटा त्या उताराला गेलो, मागेपुढे कोणी नाही बघून पंचेचाळीसला पूर्ण ब्रेक मारला आणि स्टिअरिंग डावीकडे दिलं. पायाखाली खडखड झालं, गाडी वळली, आणि त्या वाडीच्या रस्त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबली. हाताला काही म्हणजे काही कळलं नाही. एखाद्याला पाय ठेवून बस म्हणावं इतकं सोपं. मी तिथे गाडी बाजूला घेऊन बसलो आणि खरं सांगू का, मला राग आला. गाडीचा का स्वतःचा ते नाही सांगता येत.

पॅलिओ घेतली तेव्हा मी मित्रांना सांगायचो की एबीएस ज्यांना ब्रेक मारता येत नाही त्यांच्यासाठी. त्या पोरगेल्या माणसाला आज समोर बसवलं तर मी त्याला हॉस्पिटलातली ती रात्र सांगीन, आणि तो मला म्हणेल, मग विक ना गाडी, कोणी अडवलंय. गाड्या जड झाल्या त्या कंपन्यांच्या हौसेखातर नाहीत, माणसं मरत होती म्हणून झाल्या. युरोपात 1997 पासून युरो एनकॅपवाले गाड्या आपटून बघून त्यांना सुरक्षेचे गुण देतात, आपल्याकडे एबीएस सगळ्या गाड्यांना सक्तीचं व्हायला 2019 उजाडलं, मला विचाराल तर फार उशीर झाला. साडेसहाशे किलो वाढले त्यात बऱ्याच जणांच्या कॉलरबोन आहेत. हे सगळं मला मान्य आहे, आणि तरी ते मजेच्या प्रश्नाचं उत्तर नाही. तुम्ही विचारता मजा काय, आणि मी मजा सांगितली की तुम्ही सुरक्षा काढता. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण एकाने दुसरा खोडता येत नाही, निदान मला तरी नाही जमलेलं.

सध्या असं चाललंय, की ही त्या गाडीत बसत नाही आणि मी बस म्हणत नाही. बाजारहाट, पाहुणे, हॉस्पिटल, सगळं दुसऱ्या गाडीने. पॅलिओ मी एकटाच काढतो, बहुतेक पहाटे, आरे-वारेने जयगडपर्यंत आणि परत, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अजिबात नाही. निघताना ती कधीकधी विचारते "कुठे?" आणि मी सांगतो तेव्हा नुसतं "हं" म्हणते. आतेभाऊ म्हणतो दादा मला दे, मी नीट रिस्टोर करून मुंबईत ठेवतो. मुंबईत ठेवून करणार काय, सिग्नलला उभी करणार?

तर विकणार का, नाही. नवी चांगली आहे का, हो. मग हीच का, ते वर सांगितलंय, पटलं नसेल तर माझ्याच्याने याहून होणार नाही. आणि आता मला एक विचारायचंय. 1.6 चा पॉवर स्टिअरिंग रॅक, वापरलेला चालेल पण न गळणारा, कोल्हापूर-सांगलीकडे कुठे मिळत असेल तर कळवा. कुर्ल्याला तीन दुकानं पालथी घातली, सगळे 1.2 चा दाखवतात आणि म्हणतात हाच बसतो.