लाइन आली का शॉवर येते

जानेवारीतली गोष्ट, डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या कॉलेजच्या गच्चीवर चार सिंटिलेटर पॅनल आहेत (कण आरपार गेला की आतलं प्लास्टिक क्षणभर उजळतं), आठ-आठ मीटरवर. उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगाला असे ४०० आहेत, आमचे चार, पण चार तर चार! म्युऑन, म्हणजे वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होणारा कण, तर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला एखादा पडतच असतो, एकट्या पॅनलच्या टिकटिकीला अर्थ नाही. चारही एकदम बोलले तर शॉवर, म्हणजे अवकाशातून आलेल्या एकाच कणानं हवेत उडवलेला कणांचा सडा.

दिवाळीच्या सुट्टीत मी पॅनल उघडून पुन्हा बांधले होते. कडा घासून घासून काचेसारख्या केल्या, प्रकाश आत परतवणारा टायवेक नवा गुंडाळला, फोटोट्यूबखाली (प्रकाशाचा विजेचा पल्स करणारी नळी) ऑप्टिकल ग्रीस बुडबुडा न राहू देता लावलं (हे जमायला तीन दिवस गेले), काळी टेप दुहेरी, आणि अंधारात टॉर्च फिरवून लाइट लीक शोधले. त्यामुळे त्या आठवड्यात रात्री बाराच्या सुमारास शॉवरचा ढीग दिसला तेव्हा वाटलं, आपल्याच मेहनतीचं फळ.

आमचा लॅब अटेंडंट आलेख बघून म्हणाला, "सर, बाराले वावरातली लाइन येते ना."

थ्री फेज आली की हरभऱ्यावरचे सगळे मोटरपंप ऑटोस्टार्टरनं धडाधड सुरू होतात, आणि त्या झटक्याचा विजेचा गोंधळ आमच्या चॅनलमध्ये शिरतो. रात्री स्कोप (पल्सचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून बसलो. खरा पल्स एकाच बाजूला जातो अन् पटकन शांत होतो, हा वर-खाली झुलत होता, चारही चॅनलवर हुबेहूब! लाइनीतला असा गोंधळ अडवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मी मागच्या वर्षीच लिहून दिला होता, खरेदी समितीनं "इन्व्हर्टर आहे ना" म्हणून खोडला. आता सगळं बॅटरीवर चालवतो आणि एक पाचवा चॅनल आंधळा ठेवलाय, ट्यूब तीच, केबल तीच, फक्त प्लास्टिक नाही. तो ओरडला की इव्हेंट बाद.

पण डिसेंबरातला एक मोठा इव्हेंट आहे, रात्री बारा वाजून चार मिनिटांचा, वर्गात दाखवून मिरवलेला. तिरपा शॉवर असता तर पॅनलांत काही नॅनोसेकंदांचा फरक पडला असता, त्यात फरक शून्य. अगदी डोक्यावरून आलेल्या शॉवरलाही शून्यच येतो म्हणा. पल्सचा आकार साठवला नव्हता, डिस्क भरते म्हणून फक्त वेळा ठेवायचो, ही अक्कल माझीच.

अटेंडंटला विचारलं, त्या रात्री लाइन होती का? तो म्हणतो त्या आठवड्यात डीपी, म्हणजे वावरातल्या लाइनीचा ट्रान्सफॉर्मर, जळली होती, पण कोणत्या दिवशी ते काही त्याला आठवत नाही.