तुम्ही विचारलंत म्हणून: धड वकिली येते का, धड धंदा?

नाशिकमध्ये लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात, एवढेच काय, न्यायालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवरही मला एकच प्रश्न विचारला जातो: बी.बी.ए. एलएल.बी. (व्यवस्थापन आणि कायदा यांचा एकत्र अभ्यासक्रम) करून धड व्यवस्थापन तरी येते का, आणि धड वकिली तरी? तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

बी.कॉम. करून मग एलएल.बी. केली तर सहा वर्षे लागतात, इथे पाच, हे उत्तर मी पूर्वी देत असे. हिशेब खरा आहे, पण त्याने कोणाचे समाधान होत नाही. सकाळी विपणन, दुपारी १८७२चा करार कायदा, आणि या दोन तासांची एकमेकांशी गाठ घालून देणे हे कोणाचेच काम नसते. व्यवस्थापनाचे विषय आमच्या वर्गात बहुतेक जण पास होण्यापुरतेच वाचतात, हेही मी नाकारणार नाही. तरीही 'दोन्हीकडून अर्धवट' हा शेरा मला मान्य नाही, आणि त्याचे कारण वर्गाबाहेरचे आहे.

मी चौथ्या वर्षाला असताना निफाड तालुक्यातल्या माझ्या मामांनी परराज्यातल्या एका व्यापाऱ्याला द्राक्षे दिली. त्याचा चेक वटला नाही. 'पुढच्या आठवड्यात पुन्हा टाका' या त्याच्या शब्दावर मामा थांबले, आणि चेक परत आल्याचा बँकेचा मेमो माझ्यासमोर आला तेव्हा महिना उलटून गेला होता. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ प्रमाणे चेक न वटल्याचे बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस जावी लागते, हे मला तोंडपाठ होते. मी ते तसेच सांगितले. मामा म्हणाले, "अगं, पैसे बुडाले एवढं आम्हालाही कळतंय. त्यासाठी कॉलेज कशाला?"

मला राग आला, आणि त्या रागातच मी अभ्यासाची दुसरी बाजू पुढे केली: उधारीवर माल देण्यापूर्वी त्याची पत का तपासली नाही, आगाऊ रक्कम का घेतली नाही? मामांनी शांतपणे विचारले, "माल पिकलेला, आभाळ भरून आलेलं. मी त्याची पत तपासू, की घड वाचवू?" आमच्या पुस्तकातल्या विक्रेत्याला गिऱ्हाईक पसंत नसेल तर नाही म्हणता येते, तयार बाग असलेल्या माणसाला ती सवड नसते. यावर मला काही बोलता आले नाही.

चेकवरच्या तारखेला तीन महिने पूर्ण व्हायला, म्हणजे चेकची मुदत संपायला, अजून थोडे दिवस होते. मुदतीतला चेक पुन्हा भरता येतो, आणि तो पुन्हा परत आला तर नव्याने नोटीस देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये एम.एस.आर. लेदर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. ही वाट मला वर्गात नव्हे, तर ज्या वकिलांकडे मी इंटर्नशिप करत होते त्यांनी दाखवली. चेक दुसऱ्यांदा परत आला, नोटीस वेळेत गेली, पंधरा दिवस पैशांची वाट पाहून तक्रार दाखल झाली. २०१५च्या दुरुस्तीमुळे ती मामांच्या बँकेची शाखा ज्या हद्दीत येते तिथल्याच न्यायालयात करता आली. असा खटला सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असे कलम १४३ म्हणते. (मामांना हे कलम मी अजून वाचून दाखवलेले नाही, तारखा चालू आहेत.)

बारावीनंतर मी सर्वांना सांगत असे की मला मुंबईत मोठ्या कंपन्यांची वकील व्हायचे आहे. त्या मुलीला आज सांगावेसे वाटते की उधारी आणि कायदा एकत्र कळणारा वकील निफाड-पिंपळगावलाही लागतो. ती लगेच विचारेल, की मग पाच वर्षांची फी तिथे वसूल होईल का? तिचा प्रश्न गैर नाही. वकिलीसाठीच्या बार परीक्षेत व्यवस्थापनाचा पेपर नसतो, आणि पक्षकारही त्याचे वेगळे पैसे देत नाही.

मामांचा धाकटा मुलगा यंदा बारावीला आहे. त्याने हाच अभ्यासक्रम घ्यावा असा मामांचा आग्रह आहे. मी त्याला आधी बी.कॉम. कर म्हणते आहे, आणि आमचे अजून एकमत झालेले नाही.