वाळू, मावळे आणि "याचा अर्थ काय मॅडम?"

"म्हणजे मॅडम, तुम्ही त्याला वाळूत खेळवणार आणि आम्ही त्याची फी भरणार?" एका वडिलांनी मला हे अगदी सरळपणे विचारलं होतं, आणि खरं सांगू का, बाहेरून बघितलं तर सँड ट्रे थेरपीत, म्हणजे वाळूत छोट्या वस्तू मांडून मनातलं बाहेर येऊ द्यायच्या उपचारात, दिसतं तेवढंच. साधारण 72 सेंमी लांब, 50-57 सेंमी रुंद आणि जेमतेम 7 सेंमी खोल असा लाकडी ट्रे, म्हणजे मान न वळवता सगळा एका नजरेत मावतो, आतून निळा रंग दिलेला, वाळू बोटांनी बाजूला सारली की खाली लगेच पाणी, मग त्याची नदी करा, विहीर करा नाहीतर समुद्र. जागा असेल तर दोन ट्रे ठेवायचे, एकात कोरडी वाळू, दुसऱ्यात ओली. बाजूच्या शेल्फवर चिमुकल्या वस्तू: माणसं, प्राणी, घरं, झाडं, गाड्या, पूल, कुंपण, देव, राक्षस, शंख, दगड, तुटक्या बांगड्यासुद्धा. समोरच्याला एवढंच सांगायचं की यातलं हवं ते घ्या आणि हवं ते करा. झालं, मग मी गप्प.

या गप्प बसण्याचेच पैसे आहेत असं मी त्या वडिलांना सांगितलं, ते हसले, पण मी विनोद करत नव्हते.

ही पद्धत सुरू झाली लंडनमध्ये. मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या डॉक्टरीणबाईंनी 1928 मध्ये तिथे मुलांसाठी क्लिनिक काढलं. एच. जी. वेल्स, तेच सायन्स फिक्शनवाले, आपल्या मुलांबरोबर जमिनीवर खेळण्यांची शहरं मांडायचे आणि 1911 मध्ये त्यांनी त्यावर 'फ्लोअर गेम्स' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं होतं, ते बाईंच्या डोक्यात होतं. म्हणून त्यांनी क्लिनिकमध्ये छोट्या वस्तू ठेवल्या, वाळूचे ट्रेही ठेवले, आणि मुलांनीच त्या वस्तू नेऊन वाळूत मांडायला सुरुवात केली. मला हा भाग फार आवडतो, कारण थेरपीची आयडिया मोठ्यांनी काढली आणि मुलांवर लादली असं इथे झालेलंच नाही. पुढे स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी लंडनला जाऊन ते शिकून घेतलं, त्यात कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाचे विचार मिसळले, आणि आज ज्याला सँडप्ले म्हणतात ते उभं राहिलं. काल्फबाईंचा भर एकाच गोष्टीवर होता, माणसाला मोकळी पण सुरक्षित जागा द्या, बाकीचं त्याचं मन करतं.

1965 मध्ये हायाओ कावाई हे जपानी मानसशास्त्रज्ञ झुरिचहून शिकून परतले आणि त्यांनी ही पद्धत जपानमध्ये नेली. तिथे पेटीत छोटी बाग, देखावा मांडायची जुनी परंपरा होतीच, हाकोनिवा म्हणतात त्याला, त्यामुळे लोकांना ही थेरपी परकी वाटली नाही आणि तिथे ती चांगली रुजली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात लगेच आला आपला दिवाळीतला किल्ला! माती, दगड, पोतं, वर पेरलेले अळीव, महाराज सिंहासनावर, पायथ्याशी गवळण आणि शेतकरी, एक मावळा कायम पडलेला. आपल्याकडच्या काउन्सेलर मंडळींनी बाहेरून महागडे मिनिएचर सेट मागवायचं खरंच काही कारण नाही. माझ्या शेल्फवर ते फॉरेनचे किल्ले आणि परीराण्या पण आहेत, त्यांना फारसं कोणी हात लावत नाही. तुळशीवृंदावन, बैलगाडी, पाटा-वरवंटा आणि मावळे मात्र सतत बाहेर.

एक ताई आठवतात, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. सासूबाई बरीच वर्षं अंथरुणावर, सगळं यांनीच केलं, त्या गेल्यावर नातेवाईक म्हणाले "सुटलीस बाई", आणि यांना ना रडू येईना ना झोप. बोला म्हटलं की म्हणायच्या, बोलण्यासारखं काही नाहीये हो. ट्रेसमोर बसल्यावर बराच वेळ नुसती वाळू सपाट करत राहिल्या, पोळपाटावरचं पीठ सारखं करावं तशी. मग एक खाट उचलली, मधोमध ठेवली. मग शेल्फवरचे सगळे मावळे आणून खाटेभोवती रिंगण केलं, सगळ्यांच्या पाठी खाटेकडे, भाले बाहेर. म्हणाल्या, पहारा देतायत. मी नुसती मान हलवली. थोड्या वेळाने त्यातला एक मावळा उचलला, खाटेवर आडवा केला आणि म्हणाल्या, "ह्याला झोपू दे जरा, कधीचा उभाय." आणि मग मात्र खूप रडल्या.

आता इथे मी "तो मावळा म्हणजे तुम्हीच ना?" असं विचारलं असतं तर सगळा खेळखंडोबा झाला असता. ताई घरी गेल्यावर मी ट्रेचा फोटो काढला आणि मगच वस्तू जागेवर लावल्या, माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचं मांडलेलं मोडायचं नसतं.

म्हणूनच मला त्या वर्कशॉपवाल्यांचा राग येतो जे दोन तासांत चिन्हांची डिक्शनरी वाटतात, साप म्हणजे भीती, पूल म्हणजे बदल, कुंपण म्हणजे अमुक. अहो, एका पोराने ट्रेमध्ये वारूळ करून त्यावर नाग ठेवला आणि खुशीत सांगितलं की नागपंचमीला आजी येते. काढा आता त्यातून भीती! "याचा अर्थ काय मॅडम" हे आईवडील दर वेळी विचारतात, आणि मी दर वेळी सांगते की तो त्यालाच ठरवू द्या.

उपयोग होतो का? 2022 मध्ये सँडप्लेवरचे 40 अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा परिणाम चांगलाच मोठा दिसला, पण यातले बरेच अभ्यास लहान गटांवरचे असतात, त्यामुळे मी कोणालाही रामबाण म्हणून विकत नाही. आत्महत्येचे विचार असतील, भास होत असतील तर आधी सायकियाट्रिस्ट, गोळ्या सुरू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

घरी करता येईल का, हा पुढचा प्रश्न. खेळायला हरकत काहीच नाही, फक्त त्याला थेरपी म्हणू नका आणि शेजारी बसून प्रश्नपत्रिका सोडवून घेऊ नका. वाळू बारीक चाळून, धुऊन, उन्हात वाळवून घ्या, तोंडात घालणारं बाळ घरात असेल तर थोडं थांबा. आणि वस्तूंसाठी पुण्यात असाल तर दिवाळीच्या आधी कुंभारवाड्यात चक्कर मारा, मावळे, प्राणी, भाजीवाल्या सगळं मिळतं, आणि एखाद्या गवळणीचा हात मोडलेला असेल तर ती पण घ्या, माझ्याकडे तुटक्या वस्तूंनाच सगळ्यात जास्त मागणी आहे.