बाहीवरचे थर्माकोलचे मणी

दार उघडणाऱ्या पोराच्या स्वेटरच्या बाहीला थर्माकोलचे मणी चिकटले होते. त्याने ते झटकले तर तळहाताला चिकटले, हात झटकला तर परत बाहीवर. कॉम्प्युटरचं काय बिनसलं असेल, याचा थोडा अंदाज मला उंबऱ्यावरच आला.

नागपूरचा जानेवारी. अंधारात स्वेटर डोक्यातून काढला तर ठिणग्या दिसाव्यात, इतकी हवा कोरडी. मी बरीच वर्षं घरोघरी जाऊन कॉम्प्युटर असेंबल करतो. स्टॅटिकचा, म्हणजे घर्षणाने अंगावर साठणाऱ्या विजेचा त्रास दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाळ्यात त्याची आठवणही राहत नाही.

पोराने पैसे साठवून सुटे पार्ट आणले होते आणि पलंगावर ब्लँकेट अंथरून स्वतःच जोडले होते. मशीन सुरू व्हायचं, मधेच निळी स्क्रीन यायची. मेमटेस्ट, म्हणजे मेमरीची चाचणी लावली, थोड्याच वेळात चुकांच्या लाल ओळी. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये आळीपाळीने तपासल्या. एक स्वच्छ, दुसरी दर वेळी चुका दाखवणारी.

ती स्टॅटिकनेच गेली, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कारखान्यातूनही खराब माल येतो, आणि स्टॅटिकने मेलेल्या चिपवर ना डाग दिसतो ना जळका वास येतो. बोटाला चटका जाणवायलाच साधारण ३००० व्होल्ट लागतात. काही नाजूक चिप मात्र शंभराच्या आतही दुखावतात. म्हणजे आपल्याला कळायच्या कितीतरी आधी नुकसान झालेलं असतं. त्यातही चिप जागीच मेली तर बरं. अर्धवट दुखावलेली चिप महिनोन्‌महिने चालते आणि मग दगा देते.

"पण काका, मी काळजी घेतली होती," पोराचा आवाज रडवेला झाला. "एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची पिन लावून भिंतीवरचं बटण बंद ठेवलं होतं, आणि दर वेळी आधी कॅबिनेटला हात लावायचो."

पद्धत बरोबर आहे. भिंतीवरचं बटण बंद केलं की फेज, म्हणजे वीज आणणारी तार तुटते; अर्थ, म्हणजे जमिनीशी जोडणारी तार जोडलेलीच राहते. मी त्याला तसं सांगत होतो, तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "भाऊ, मशीन चालू असताना त्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात."

मशीन सुरू करून बोटांची मागची बाजू मागच्या स्क्रूला टेकवली. खरंच मुंग्या आल्या. पिन काढून सॉकेटला मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यायला हवेत. आकडा चाळीस-पन्नासवर हेलकावे खात होता. मेन बंद करून बोर्ड उघडला. अर्थच्या वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थची हिरवी वायर तिथपर्यंत कुणी ओढलीच नव्हती.

अर्थ नसला की एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर अर्ध्या मेनइतका, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज येतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून निभावतं, पण त्या घरात सगळे रोज तेच सोसत होते. मला रॅमपेक्षा या गोष्टीचं जास्त वाईट वाटलं.

दुसरी चूक ब्लँकेटची. पोरगा हात लावायचा कॅबिनेटला आणि मदरबोर्ड पडलेला ब्लँकेटवर, कॅबिनेटपासून तुटलेला. स्टॅटिकपासून वाचायचं तर तुम्ही, कॅबिनेट आणि पार्ट एकाच व्होल्टेजवर हवेत. अर्थ असला तर उत्तमच. तो नसला तरी पिन काढून तिघांना आपसात जोडता येतं.

ब्लँकेट गुंडाळायला लावलं, स्वेटर उतरवायला लावला. कॅबिनेट लाकडी टेबलावर घेतलं. माझा रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे वायर आणि क्लिप असलेला स्टॅटिकविरोधी पट्टा त्याच्या मनगटावर, कातडीला घट्ट. क्लिप कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला, कारण रंगावर लावली तर उपयोग शून्य. या पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्ट लागले तरी पाव मिलिअँपच्या वर करंट वाहू नये, म्हणून. साधी वायर मनगटाला बांधणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगतो.

खराब पट्टी दुकानदाराने तीन दिवसांत बदलून दिली. पोराने मला बोलावलं, पण हात मला लावू दिला नाही. स्ट्रॅप बांधला, नव्या पट्टीची चंदेरी पिशवी आधी कॅबिनेटला टेकवली, पट्टी कडांना धरून बाहेर काढली. सोनेरी पिनांना बोट लागलं नाही. दोन्ही टोकांना अंगठे दाबले, खट्ट आवाज आला.

मेमटेस्ट रात्रभर चालली, एकही चूक नाही. वायरमन त्याच आठवड्यात येऊन हिरवी वायर ओढून गेला. मी मीटर घेऊन पुन्हा गेलो. फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट. आईने कॅबिनेटवर पूर्ण तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवून उभी राहिली.