अपडेट: फ्रिजातली पुठ्ठा निघाली, तळघरातली बेदाणा

मंडळी, डोकं फिरलंय. आतेभावाने लंडनहून आणलेल्या फुलर्स व्हिंटेज २०२१ या बियरच्या चार बाटल्या आठवतायत ना, कुठे चांगली मुरते ते बघायला ठेवलेल्या, ५०० मिलीच्या, म्हणजे त्याचा ड्युटी फ्रीचा दोन लिटरचा कोटा माझ्यातच संपला. दोन माझ्या फ्रिजात १२ डिग्रीला आणि दोन पंचवटीत मामाच्या वाड्यातल्या तळघरात. रविवारी एकेक उघडली. सगळ्यांनी फ्रिजवर पैज लावलेली, मी पण.

फ्रिजवालीचं झाकण काढलं तर फुस्ससुद्धा नाही. फेस शून्य, पहिल्याच घोटाला ओला पुठ्ठा, पावसात भिजलेलं वहीचं कव्हर चघळल्यासारखं. आणि तळघरातली? काकवी, बेदाणे, मागून शेरी वाइनसारखा वास, ८.५ टक्के अल्कोहोल असून घशाला टोचत नाही. तिथे २५-२६ डिग्री असतं त्यामुळे भराभर मुरलीय, वयाच्या दुप्पट वाटते, पण काय सुंदर! मामा म्हणाले, "लोणचं कोणी फ्रिजात मुरवतं का रे?" गप्प बसलो.

दोन रात्री हाच किडा डोक्यात. एकच बॅच, एकच बॅग, मग झालं काय? आधी वाटलं दर शनिवारी लाईट जाते त्याने, पण बंद फ्रिज चार-पाच तासात एवढा तापत नाही, मिन-मॅक्स (किमान-कमाल तापमान नोंदवणारा) थर्मामीटर लावून बघितलं. मग रिकाम्या बाटलीच्या गळ्याला हात लावला तर झाकणाखाली चिकट तपकिरी रिंग. म्हणजे बियर कधीतरी बाहेर आलेली! आणि ट्यूब पेटली. मागच्या मे मध्ये कंट्रोलरचा (१२ डिग्री राखायला फ्रिज चालू-बंद करणारी डबी) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, दाराच्या रबरातून बाहेर निसटलेला, मी लिहिलं होतं तेव्हा. त्याला घरातली ३६ डिग्री दिसत होती आणि कॉम्प्रेसर दीड दिवस चालूच. ही बाटली नेमकी फ्रीजरच्या पत्र्याला टेकलेली, आत बर्फ झाला, फुगला, झाकण केसभर उचललं गेलं. नंतर वितळली, गॅस गेला, हवा आत, म्हणून ती पुठ्ठ्याची चव. मी वर्षभर हवा लागलेली बाटली जपत बसलो.

कंट्रोलरला शिव्या देणार होतो पण तीनशे रुपयात तो बिचारा अजून काय करणार, प्रोबची वायर मात्र फारच आखूड देतात. आता प्रोब पाण्याच्या बाटलीत बुडवून टेपने बांधणार. थांबा, लिहिता लिहिता सुचलं, फ्रिजचं स्वतःचं थंडाव्याचं बटण मी फुल्लवर ठेवलंय, ते १ वर आणलं तर प्रोब निसटला तरी गोठायची शक्यता कमी! हे आधी का नाही सुचलं कोणाला.

उठून करून आलो. बाकीच्या सगळ्या बाटल्यांच्या झाकणांवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघितली, फुगलेलं असेल तर पट्टी डुगडुगते. शिमे ब्लू (दुसरी एक बियर) ठीक आहे, हुश्श. फुलर्सची दुसरी मात्र किंचित डुगडुगतेय. ती शनिवारी उघडतो, गंगापूर रोडला कोणी येणार असेल तर ग्लास स्वतःचा आणा, माझ्याकडचे दोन फुटले.