ऑर्लँडोत आई-बाबांसाठी स्कूटर भाड्याने घेताना

रोज संध्याकाळी अर्धा तास फिरायला जाणारे आई-बाबा डिस्ने वर्ल्डमध्येही आरामात चालतील, हा हिशेब बहुतेकांचा दुपारी दोनच्या सुमारास कोलमडतो. डिस्नेच्या एपकॉट पार्कमधल्या वर्ल्ड शोकेसची, म्हणजे देशोदेशींच्या दालनांची, तळ्याभोवतीची नुसती एक फेरी 1.2 मैलांची, म्हणजे जवळपास दोन किलोमीटरची आहे. पार्कचा पुढचा निम्मा भाग त्यात धरलेलाच नाही. चालण्यापेक्षाही जास्त थकवतं ते उभं राहणं: रांगेत, बसची वाट बघताना, परेडसाठी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एक मैल चालणं जमून जातं, पण पाऊण तास एका जागी उभं राहणं जमत नाही.

म्हणून स्कूटर, म्हणजे एकट्याने बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी. तिकडे तिला सगळे ईसीव्ही (इलेक्ट्रिक कन्व्हेयन्स व्हेईकल) म्हणतात, आणि ती पार्कमध्येही भाड्याने मिळते, बाहेरच्या कंपन्यांकडूनही.

पार्कमधली गाडी आगाऊ राखून ठेवता येत नाही, जो आधी येईल त्याची. गर्दीच्या दिवसांत सकाळीच संपते. चालवणारा 18 वर्षांचा हवा, भाड्याखेरीज परत मिळणारी अनामत भरावी लागते आणि गाडी पार्कबाहेर नेता येत नाही. त्याच दिवशी दुसऱ्या पार्कला जायचं असेल तर ही परत करायची, पावती जपून ठेवायची आणि तिथे शिल्लक असेल तर दुसरी घ्यायची. खरी गोची मात्र वेगळीच आहे. गाडी मिळते ती प्रवेशद्वारापाशी, आणि पार्किंगपासून तिथवरचं अंतर तर स्कूटरशिवायच कापायचं. मॅजिक किंगडम या पार्कला तर पार्किंगनंतर तिकीट केंद्र, तिथली सुरक्षा तपासणी, मग मोनोरेल किंवा फेरी बोट आणि मग दार. संध्याकाळी, अंगात त्राण उरलेलं नसताना, हाच प्रवास उलटा.

त्यामुळे दोनापेक्षा जास्त दिवस जाणार असाल तर बाहेरून घ्या. आठवड्याचा दर पार्कच्या रोजच्या भाड्याच्या बेरजेपेक्षा साधारणपणे बराच कमी पडतो आणि गाडी हॉटेलच्या खोलीपासून खोलीपर्यंत सोबत राहते. बुकिंग करताना एक गोष्ट स्पष्ट विचारा: गाडी हॉटेलच्या बेल डेस्कवर (पाहुण्यांचं सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर) ठेवून जाणार, की तुम्ही समोर हजर राहून ताब्यात घ्यायची? डिस्नेच्या हॉटेलांत गाडी ठेवून जाण्याची सोय सगळ्या कंपन्यांना नाही. विमान उशिरा पोहोचलं तर इथेच घोळ होतो.

गाडी निवडताना तीन आकडे बघा. पहिला, वजनमर्यादा. माणसाच्या वजनात पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि बास्केटमध्ये येऊन पडणारं नातवंडांचं सामान मिळवा. दुसरा, लांबी-रुंदी. बसच्या उताराफळीवर (रॅम्पवर) आणि आतल्या जागेत 30 इंच रुंद आणि 48 इंच लांब हे माप निर्धास्तपणे बसतं, त्याहून मोठी गाडी घेऊन अडकू नका. तिसरा, बॅटरीचा पल्ला. कंपनीने सांगितलेला पल्ला सपाट रस्ता आणि हलका माणूस धरून काढलेला असतो. चढ, वजन आणि सतत थांबणं-निघणं यांनी तो झपाट्याने घटतो, तेव्हा सांगितलेल्याचे दोन-तृतीयांशच धरून चला. तीन चाकी गाडी कमी जागेत वळते पण वेगात वळवली तर कलंडू शकते. चार चाकी स्थिर असते पण वळायला ऐसपैस जागा मागते. ज्यांनी आयुष्यात कधी दुचाकीही चालवलेली नाही त्यांना चार चाकी द्या.

त्याआधीचा प्रश्न थोडा अवघड आहे: ही गाडी त्यांना चालवता येईल का? मोतीबिंदू, हाताचा कंप, गुंगी आणणारी औषधं, विसरभोळेपणा, यांपैकी काही असेल तर साधी व्हीलचेअर घ्या आणि कुणीतरी ढकला. जत्रेसारख्या गर्दीत पायांत लुडबुडणारी पोरं चुकवत गाडी हाकायची आहे, इथे भिडेखातर हो म्हणू नये.

आता गाडीची रचना. हँडलच्या दोन्ही बाजूंना एकच आडवी पट्टी असते. उजव्या अंगठ्याने दाबली की पुढे, डाव्या बाजूने दाबली की मागे. काही गाड्यांत हे वेगळं असतं, ताब्यात घेतानाच बघा. ब्रेक असा वेगळा नसतो, पट्टी सोडली की मोटरचा ब्रेक आपोआप लागतो. नवशिक्याची चूक ठरलेली: घाबरला की हँडल घट्ट आवळतो आणि पट्टी आणखी दाबली जाते. म्हणून पहिला धडा चालवण्याचा नाही, हात उघडण्याचा द्यायचा. "घाबरलात की हात सोडा, बाबा," एवढंच दहा वेळा सांगा आणि रिकाम्या आवारात करवून घ्या. वेग ठरवणाऱ्या चकतीवर एका टोकाला कासव, दुसऱ्या टोकाला ससा असतो. पार्कमध्ये काटा कासवाच्या बाजूलाच राहू द्या.

दुसरा धडा किल्लीचा. उतरण्याआधी किल्ली बंद, मग पाय खाली. चालू गाडीवरून उठताना माणूस आधारासाठी हँडलवर भार टाकतो, तळहात पट्टीवर पडतो आणि गाडी पुढच्याच्या घोट्यांवर जाते. हँडलला अडकवलेल्या पर्सचा पट्टाही हेच करतो. तेव्हा पर्स बास्केटमध्ये. साडीचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकाकडे लोंबत नाही ना, हे दर वेळी बसल्यावर बघायचं. नातवंडाला मांडीवर घेऊन चालवायचं नाही, नियमच आहे एका माणसाचा, आणि मुलाचा हात पट्टीवरच जातो.

मागच्या चाकांजवळ एक खटका असतो, मोटर चाकांपासून सोडवणारा. बंद गाडी ढकलायला तो लागतो. तो सुटलेला असताना गाडीला ब्रेक राहत नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवं. उतारावर, माणूस बसलेला असताना, त्याला हात लावायचा नाही. आणि "गाडी बंद पडली" असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा हाच खटका चुकून सुटलेला असतो. नसेल तर बॅटरीच्या डब्याजवळचं छोटं बटण बाहेर आलंय का बघा. भार जास्त झाला की ते उडतं, मिनिटभर थांबून आत दाबायचं. तरीही हलेना तर भाड्याच्या कंपनीला फोन, म्हणून त्यांचा नंबर चालवणाऱ्याच्याही खिशात हवा.

चार्जिंग रात्रभर, रोज, कितीही चालवली असली तरी. बहुतेक भाड्याच्या गाड्यांत शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या असतात, त्यांना सहा ते आठ तास लागतात. हॉटेलच्या खोलीत एक फसगत हमखास होते: चार्जर लावलेलं सॉकेट दिव्याच्या बटणावर चालणारं निघतं. झोपताना दिवा मालवला की चार्जिंगही थांबतं, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी भर दुपारी. दिवे मालवल्यावर चार्जरवरचा छोटा दिवा अजून लागलेला आहे ना, एवढं बघून झोपा. किल्लीही बंद हवी.

बसमध्ये चढणं हा दिवसातला सगळ्यात कठीण भाग. चालक उताराफळी टाकतो, आत पट्ट्यांनी गाडी बांधतो, पण गाडी वर नेऊन नेमक्या जागी आडवी उभी करणं आपल्याकडे. आई-बाबांना ते जमत नसेल तर त्यांना आधी चढवून साध्या सीटवर बसवा आणि घरातल्या कुणीतरी गाडी सावकाश वर घ्या. फळीवर सरळ रेषेत यायचं, तिरकं नाही, आणि मधेच थांबायचं नाही. बसमध्ये अशा गाड्यांना साधारण दोनच जागा असतात, त्या भरल्या असतील तर पुढच्या बसची वाट. रात्री आतषबाजी संपल्यावर हे ठरलेलंच, तेव्हा एक तर थोडं आधी निघा नाहीतर अर्धा तास आतच बसून राहा. मोनोरेलला कर्मचारी फळी लावतात, मॅजिक किंगडमच्या मोठ्या फेरी बोटीत सरळ चालवत जाता येतं. छोट्या बोटींचं मात्र पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतं.

मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर घोडागाडीचे रूळ आहेत. पुढचं लहान चाक त्यात अडकतं. रूळ काटकोनातच ओलांडा. फुटपाथवरून उतरायचं तेही जिथे उतार केलेला आहे तिथूनच.

स्कूटर आहे म्हणून रांग चुकत नाही. बऱ्याच राइड्सच्या रांगा इतक्या रुंद आहेत की गाडीसकट त्याच रांगेतून जायचं. जुन्या काही ठिकाणी वेगळं दार किंवा परत येण्याची वेळ मिळते, पण ताटकळणं तेवढंच. डिस्नेची डीएएस (डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस) सवलत, म्हणजे रांगेत उभं न राहता ठरलेल्या वेळी परत येण्याची सोय, 2024 पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे. गुडघेदुखीवर ती मिळेल या भरवशावर बेत आखू नका.

प्रत्येक राइडपुढे गाडीचं काय करायचं ते नकाशातल्या खुणांवरून कळतं. कुठे गाडीवर बसूनच आत जाता येतं. कुठे गाडी सोडून व्हीलचेअरमध्ये बसायचं, जसं किलिमांजारो सफारी किंवा जंगल क्रूझला. कुठे राइडच्याच आसनावर जावं लागतं, आणि कुठे स्वतः दोन पावलं चालता यायलाच हवं. हाँटेड मॅन्शनला तर सरकत्या पट्ट्यावरून चढायचं असतं. तो हळू करता येतो, दारावरच्या कर्मचाऱ्याला आधी सांगा. आदल्या रात्री आई-बाबांसोबत बसून ही यादी बघितली तर दारात जाऊन हिरमोड होत नाही.

उन्हाळ्यात दुपारी पाऊस येतोच. माणसापेक्षा आधी हँडलवरचे खटके झाका, पाणी तिथूनच आत शिरतं. मोठी प्लास्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड पुरतात. राइडला जाताना गाडी बाहेर उभी केली की किल्ली काढून घ्या. कर्मचारी जागा करायला गाड्या हलवतात, आणि परत येऊन बघावं तर तशाच लाल गाड्या ओळीने वीस. हँडलला भडक रंगाची रिबन बांधा, कंपनीच्या स्टिकरवर विसंबू नका, शेजारची गाडीही त्याच कंपनीची असते.