आमची वाटचाल : कुणी किती धडा बघितला याचा हिशोब

पुण्याच्या नवी पेठेत शास्त्री रोडच्या आसपास ज्याने एकदा चक्कर मारलीये त्याला सांगायला नको, अभ्यासिका, मेस, एमपीएससीचे क्लास आणि झेरॉक्सची दुकानं. आम्ही तिथल्याच क्लासवाल्यांना वेबसाइट बनवून देणारी दोन-तीन जणं. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला, सगळे क्लास रातोरात व्हिडिओवर गेले आणि जो तो सर फोन करून एकच विचारायला लागला, "अहो, पोरं बघतायत का नुसती फी भरून झोपलीयेत?"

त्यातनं आमचा एपीआय निघाला, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी माहितीची देवाणघेवाण करायची सोय. क्लासचं स्वतःचं ॲप असो, मूडलसारखी कोर्स चालवायची सिस्टीम असो नाहीतर वर्डप्रेसची वेबसाइट, तिकडनं इव्हेंट, म्हणजे पोराने काय केलं त्याच्या नोंदी, आमच्याकडे येतात आणि कुणी कुठला धडा किती बघितला ते आम्ही परत देतो. अशा नोंदी कशा पाठवायच्या यासाठी स्टँडर्ड आहेत बरं का. स्कॉर्म 1.2 तर 2001 चं, आणि 2013 मध्ये एक्सएपीआय 1.0 आलं ज्यात कुणी, काय केलं, कशावर केलं असं छोटं विधान पाठवायचं असतं, दोन्हीमागे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा एडीएल उपक्रम. विधानाची ती रचना आम्ही उचलली, बाकीचा पसारा नाही, कारण नवी पेठेतल्या सरांना "आधी लर्निंग रेकॉर्ड स्टोअर (ही विधानं साठवायची वेगळी सिस्टीम) उभा करा" म्हटलं असतं तर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं असतं.

कोड तसा लवकर झाला. खरं काम डॉक्युमेंटेशनचं (आम्ही त्याला डॉक्स म्हणतो), म्हणजे हे वापरायचं कसं ते लिहून देण्याचं. सुरुवातीला पोस्टमन या एपीआय तपासायच्या टूलमधल्या नमुना रिक्वेस्टचं कलेक्शन पाठवायचं आणि बाकी व्हॉट्सॲपवर. समोरचा डेव्हलपर म्हणजे बहुतेक वेळा बीसीएच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा नाहीतर चार क्लास एकदम सांभाळणारा फ्रीलान्सर, त्याचे मेसेज रात्री अकराला आणि प्रश्न तेच तेच.

मग कोथरूडच्या एक ताई जॉइन झाल्या, आधी आयटी कंपनीत टेक्निकल रायटर होत्या. त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं की मुलाने व्हिडिओ दुप्पट स्पीडने बघितला तर तुम्ही किती धरता, आणि टॅब मागे टाकून क्रिकेट बघत बसला तर? आमच्यातच दोन मतं निघाली! तेव्हापासून डॉक्सचं पहिलं पान लॉगिन आणि कीचं नाही, आम्ही काय मोजतो याचं आहे. व्हिडिओतले कुठले सेकंद चालले ते तुकडे आम्ही साठवतो आणि एकत्र जोडतो, त्यामुळे तोच भाग पाच वेळा बघून टक्के वाढत नाहीत, पुढे ढकललं की तेवढी फट राहते, दुप्पट स्पीडने बघितलं तरी धडा पूर्ण धरतो पण लागलेला वेळ वेगळा दाखवतो, आणि टॅब मागे असेल तर तसा शेरा येतो. हे पान मराठीतही आहे, कारण वाचतात ते सर लोक.

डेव्हलपरसाठी वेगळं. व्हिडिओ कुठवर आला ते सांगणारा ब्राउझरचा टाइमअपडेट इव्हेंट सेकंदाला 4 ते 66 वेळा कितीही येऊ शकतो, प्रत्येक वेळी आमच्याकडे रिक्वेस्ट मारू नका, 15 सेकंदांचा गठ्ठा करून पाठवा, आणि 429, म्हणजे फार रिक्वेस्ट झाल्या, असं उत्तर आलं तर त्यासोबतच्या रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये दिलंय तेवढं थांबा. मोबाइलवर पान बंद होतानाच्या इव्हेंटवर भरवसा ठेवू नका, पान लपलं की लगेच सेंडबीकनने, म्हणजे पान बंद झालं तरी डेटा पाठवणाऱ्या ब्राउझरच्या सोयीने, उरलेलं पाठवा. आता सेंडबीकनला ऑथोरायझेशनचा, म्हणजे ओळख पटवणारा, हेडर लावता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी थोडाच वेळ चालणारं टोकन (ओळखीचा तात्पुरता कोड) रिक्वेस्टच्या बॉडीत द्यायचं, हे एवढं लिहिलं आणि रात्रीचे अर्धे मेसेज बंद झाले.

वेळेचा विषय तर ताईंचा लाडका. सर्व्हर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे चारला उठून राज्यशास्त्राचा धडा बघणाऱ्या पोराची नोंद यूटीसीत आदल्या तारखेला पडते, मग सर म्हणतात तुमचा आकडा चुकीचा. म्हणून रिपोर्ट मागताना टाइमझोन द्यायचाच हे त्यांनी ठळक टाकलं, आणि उदाहरण पहाटे चारचंच घेतलं. गावाकडे रेंज गेली तर ॲपने इव्हेंट साठवून नंतर पाठवायचे, प्रत्येकाला स्वतःचा आयडी द्यायचा म्हणजे दोनदा आला तरी एकदाच मोजला जातो, हेही तिथेच.

पॅरामीटरचे तक्ते आम्ही हाताने लिहीत नाही, ओपनएपीआयच्या (एपीआयचं वर्णन ठरावीक साच्यात लिहायची पद्धत) फाइलमधून निघतात, आणि डॉक्समधलं प्रत्येक उदाहरण रिलीजच्या आधी खरंच चालवून बघतो. पण अमुक गोष्ट अशी का, हे फाइलमधून निघत नाही, ते माणसालाच लिहावं लागतं आणि त्यासाठी पगार द्यावा लागतो. माझे पार्टनर आधी कुरकुरले होते, आता बोलत नाहीत.

दहावी-बारावीचे क्लास आले तेव्हा अजून एक पान वाढलं. 2023 चा डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा अठराखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि मुलांच्या वागण्यावर नजर ठेवण्यालाही बंधनं घालतो. शाळा-क्लासला कुठे किती सूट ते तुमच्या वकिलाला विचारा, पण आम्हाला नाव-मोबाइल पाठवूच नका, तुमचा आतला नंबर पाठवा.

सध्या दुसऱ्या व्हर्जनचं लिखाण चालू आहे. डॉक्स आधी, कोड नंतर, यावेळी ठरवूनच. पहिलं व्हर्जन लगेच बंद करणार नाही, आणि प्रिलिमच्या तोंडावर तर अजिबात नाही.